उलटे महिने

माणसाच्या डोक्याला किती जोराचा धक्का बसला तर काय होतं, हे मोजण्यात माझी सगळी नोकरी गेली. मोटारी भिंतीवर आदळवायच्या आणि आत बसवलेल्या पुतळ्याच्या डोक्यातले आकडे वाचायचे, हे माझं काम. नोव्हाय या अमेरिकेतल्या मोटारींच्या गावाच्या आसपास आमच्यासारखे मराठी इंजिनियर पुष्कळ. कुणी इंजिनात, कुणी ब्रेकमध्ये, कुणी सीटच्या फोममध्ये. मी डोक्यात. माझा नवरा नागपूरचा, त्याला गंमत केल्याशिवाय चैन पडत नाही. मराठी मंडळात ओळख करून देताना तो म्हणायचा, "ही डोकी फोडते." लोक हसायचे, मीही हसायचे. आणि आमचा एकुलता एक मुलगा रोज ताशी नव्वद-पंचाण्णव मैलांनी येणाऱ्या चेंडूसमोर तोंड करून बसायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तो बेसबॉलमधला कॅचर होता. धंदेवाईक, पगारी. कॅचर म्हणजे त्यांचा विकेटकीपर, असं मी इथल्या काका-काकूंना सांगून मोकळी व्हायचे, पण ते काही खरं नव्हतं. वेगवान गोलंदाज असला की विकेटकीपर लांब जाऊन उभा राहतो. कॅचर बॅटच्या मागे हातभर अंतरावर उकिडवा बसतो, चेंडू कितीही जोरात येवो. एका मॅचमध्ये शंभरावर उठबशा. तोंडावर जाळीचा मास्क, छातीला पॅड, गुडघ्यापासून पावलापर्यंत कवच, डाव्या हातात मिट, म्हणजे जाडजूड चामडी मोजा. उजवा हात पाठीमागे लपवायचा, नाहीतर बोटं जायची. एवढं सगळं अंगावर चढवूनही एका गोष्टीला उपाय नाही. बॅटला नुसता चाटून गेलेला चेंडू ऐन वेळी दिशा बदलतो आणि थेट मास्कवर येतो. तिथे डोळ्याची पापणी लवायलाही वेळ नसतो.

पहिल्यांदा तसा चेंडू त्याला लागलेला पाहिला तेव्हा माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. डोक्यात चटकन एक आकडा आला. आईच्या डोक्यात किंकाळी यायला हवी होती आणि माझ्या डोक्यात आकडा आला, याचा मला आजही धक्का बसतो. आकडा मर्यादेच्या आत होता. तो मास्क सरळ करून पुन्हा बसला, आणि मी थर्मासमधला चहा ओतून घेतला.

मग अडवलं का नाही, असं मला बऱ्याच जणींनी विचारलंय. नऊ वर्षांचा असताना कोचनं त्याला मागे बसवलं, कारण तो गुटगुटीत होता आणि तसल्या मुलांना मागेच बसवतात. मला वाटलं, रडेल. घरी आला तो फुललेल्या चेहऱ्यानं. म्हणाला, "आई, एव्हरीबडी एका बाजूला बघतो. मी एकटाच दुसऱ्या बाजूला बघतो. मला सगळे दिसतात." त्या दिवशी तो गेलाच आमच्या हातातून. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्यानं सांगितलं की एका संघानं त्याला निवडलंय, तेव्हा मी साबुदाणा भिजत घालत होते. पाणी किती घातलं ते मला कळलं नाही, दुसऱ्या दिवशी खिचडीचा गोळा झाला. मंडळातल्या एका निवृत्त डॉक्टरकाकांनी तीनदा विचारलं, "ते ठीक आहे, पण नोकरी काय करतो?"

नोकरी हीच होती. मोठ्या लीगच्या खाली चार पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीवर वेगळं गाव, वेगळा संघ, तेच बसचे दहा-बारा तास. सहा वर्षांत तो चौथ्या पायरीवर पोचला, म्हणजे वर फक्त एक दार उरलं. एप्रिल ते सप्टेंबर तो आमचा नसायचाच. गणपतीत कधी घरी नाही, दिवाळीत मात्र हमखास. दिवाळीला आला की त्याच्या हाताकडे बघवत नसे. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्याला उघडता यायचं नाही. डाव्या अंगठ्याचं एक पेर कायमचं सुजलेलं. शाळेत असताना त्यानं माझ्याकडे नेलपॉलिश मागितलं होतं, पांढरं किंवा पिवळं. मनातल्या मनात मी स्वतःला समजावलं की मुलगा कसाही असला तरी आपलाच, आणि दुकानात जाऊन पिवळंधमक आणलं. मग कळलं, पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, बोटांच्या खुणा लांबून दिसाव्यात म्हणून कॅचर नखं रंगवतात. माझं सगळं मोठं मन वाया गेलं. आता खुणांचं ते काम मनगटावरच्या बटणांनी होतं, पण ती बाटली माझ्या कपाटात अजून आहे.

आता दोन गोष्टी सांगते. पुढे जे झालं ते या दोन गोष्टींमुळे झालं.

पहिली गोष्ट वहीची. मला बेसबॉल कळत नव्हता. मॅच संपल्यावर गाडीत तो मला अख्खी मॅच सांगायचा. पहिला बॅटर, पहिला चेंडू बाहेर, दुसरा आत, तिसऱ्यावर फसला. चेंडूगणिक. मला आधी वाटलं, थापा मारतोय. म्हणून मी आलेखाच्या कागदाची वही घेऊन मैदानावर बसायला लागले. चौकटीत खुणा करायच्या आणि परतताना तो सांगेल तसं ताडून बघायचं. एक चूक नाही. दहाव्या वर्षीही नाही, विसाव्याही नाही. इतर कॅचरांनाही बरंच आठवतं म्हणे, ते त्यांचं कामच असतं. पण आमच्यात तो रिवाज झाला. मॅच झाली की खाणं, आणि खाताना अख्खी मॅच. मी बोट ठेवून ऐकायची.

दुसरी गोष्ट लिहायला मला जड जातंय.

तो नववीत असताना शाळेची चिठ्ठी आली. सीझन सुरू होण्याआधी खेळणाऱ्या मुलांची स्मरणशक्ती, लक्ष आणि वेग तपासणार. पुढे कधी डोक्याला मार लागला तर तीच तपासणी पुन्हा घेणार आणि आधीच्या गुणांशी ताडून बघणार. चिठ्ठी मी नीट वाचली. आमच्या लॅबमध्ये सेन्सर शून्यावर आणल्याशिवाय मी कुणाला गाडीला हात लावू देत नसे. शून्य चुकला तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो, हे नव्या पोरांना मी बजावून बजावून सांगायची. ही तपासणी म्हणजे माझ्या मुलाचा शून्य होता. तो जसा आहे तसा, न तापवता न थंड करता, कागदावर उतरायला हवा होता.

पण परीक्षा म्हटली की तयारी, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी सांगलीला चौथीच्या आणि सातवीच्या स्कॉलरशिपला बसलेली मुलगी. अशा तपासणीत काय विचारतात ते मी इंटरनेटवर शोधलं. आकडे सांगतात ते उलटे म्हणायचे. शब्दांची यादी ऐकून परत सांगायची. वर्षाचे महिने शेवटून सुरुवातीपर्यंत म्हणायचे. झालं, आमची शिकवणी सुरू. मी पोळ्या लाटायची आणि तो ओट्यापाशी उभा राहून म्हणायचा, डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. अडखळला की पहिल्यापासून. एका पायावर उभं राहण्याचाही भाग असतो असं वाचलं, तर तेही करून घेतलं, डोळे मिटून. नवरा एकदा भाजी चिरता चिरता म्हणाला, "अगं, डोकं फुटल्यावर कामाला येणारा पेपर आहे तो, आयआयटीचा नाही." मी त्याला म्हटलं, तू कांदा बारीक चीर.

गुण आले ते शाळेत सगळ्यात जास्त. मी ते पत्र फ्रिजवर लावलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्याइतकी ही म्हण कुणाला लागू पडली नसेल.

कारण त्याच काळात लॅबमध्ये माझं एका तरुण डिझायनरशी वाजलं होतं. आमच्या चाचणीत गाडी जिथे भिंतीला धडकायची, नेमका तेवढाच भाग त्यानं भक्कम केला होता. वीतभर बाजूला धडक दिली की पत्रा चुरगळायचा. गाडी पास, आतला माणूस नापास. महिनाभर घरी जेवताना मी त्याच्या नावानं बोटं मोडत होते. "भिंतीसाठी गाडी बनवतो मेला, माणसासाठी नाही," हे वाक्य माझ्या मुलानं किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. आणि पानं उचलली की तो महिने म्हणायचा.

परवाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्याचा संघ ज्या गावात खेळतो ते आमच्या घरापासून गाडीनं दोन तासांवर आहे. मी निवृत्त झालेली, त्यामुळे जमेल तेव्हा जायची. नवरा यायचा नाही. त्याला बघवत नसे, तो घरी बसून फोनवर स्कोअर बघायचा. त्या दिवशी मॅच सकाळी अकराची होती. वर्षातून एक-दोनदा शाळेतल्या मुलांसाठी अशी मॅच ठेवतात. पिवळ्या बसगाड्या भरभरून पोरं आलेली, पहिल्या चेंडूपासून नुसता कलकलाट. मी टोपी घालून, बॅटर उभा राहतो त्या प्लेटच्या मागच्या जाळीजवळ बसले होते, मांडीवर वही.

नऊपैकी पाचव्या इनिंगमध्ये चेंडू बॅटला चाटला आणि त्याच्या हनुवटीच्या वर, मास्कच्या जाळीवर बसला. आवाज मला त्या कलकलाटातही ऐकू आला. मास्क उडून पडला. तो दोन्ही गुडघ्यांवर आला आणि हात जमिनीवर टेकून तसाच राहिला. माझ्या डोक्यात आकडा आला, आणि या वेळी तो मला आवडला नाही.

संघाचा दुखापती बघणारा ट्रेनर पळत आला. त्याच्यासमोर ओणवा होऊन बोलू लागला. माझा मुलगा मान वर करून उत्तर देत होता. शब्द ऐकू येत नव्हते, पण ओठ मला दिसत होते, आणि ते काय म्हणताहेत हे मला दोन सेकंदांत कळलं. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. न अडखळता, धडाधड, जानेवारीपर्यंत. खरं सांगते, माझा ऊर भरून आला. बघा, म्हटलं, डोक्यावर एवढा मार बसूनही कसा घडाघडा म्हणतोय माझा मुलगा. शेजारी बसलेल्या बाईंना मी म्हणालेसुद्धा, "ही इज फाइन." ट्रेनरनं त्याच्या पाठीवर थाप मारली. मास्क पुसून हातात दिला. तो पुन्हा खाली बसला आणि उरलेल्या चार इनिंग खेळला.

दीड वाजता मॅच संपली. मैदानाजवळच्या नेहमीच्या डायनरमध्ये आम्ही बसलो. त्यानं आत आल्यावरही काळा चष्मा काढला नाही. मी टोस्ट आणि कॉफी घेतली, त्यानं अंडी मागवली. मी वही उघडली.

"हं, सांग."

"टायर्ड आहे गं आई."

"मग थोडंच सांग."

त्यानं सुरू केलं. पहिली इनिंग, दुसरी, तिसरी, सगळं बरोबर. चौथीत डावखुऱ्या बॅटरला त्यानं पिचरकडून पाच चेंडू बाहेर टाकवून सहाव्यावर कसं फसवलं, तेही बरोबर. मी बोट पुढे सरकवत होते. पाचवी, चेंडू लागेपर्यंत, बरोबर. मग तो म्हणाला, "आणि सिक्स्थमध्ये लेफ्टी आला. त्याला मी बाहेर, बाहेर, सगळे बाहेर ठेवले. सहाव्यावर तो गेला."

माझं बोट वहीवर थांबलं. सहाव्या इनिंगमध्ये डावखुरा नव्हताच. तिथे माझ्या खुणा वेगळ्या होत्या. एकानं चेंडू हळूच टेकवून पळ काढलेला, दुसरा फुकट पहिल्या थांब्यावर, बेसवर गेलेला, आणि मग एका चेंडूवर दोघे बाद. पोरांनी केवढा दंगा केला होता तेव्हा.

"तो चौथीतला," मी म्हणाले.

"नो, नो. चौथीत..." तो थांबला. काटा प्लेटमध्ये ठेवला. "वेट. परत सांगतो. सिक्स्थमध्ये लेफ्टी आला."

तेच. शब्दाला शब्द तेच. इतक्या वर्षांत हा मुलगा एक चेंडू चुकला नव्हता, आणि आता अख्खी इनिंग त्याच्या डोक्यातून पुसली गेली होती. त्यालाही ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण त्यानं चष्मा काढला. खिडकीतल्या उजेडानं त्याचे डोळे बारीक झाले.

"पण तू महिने म्हणालास," मी म्हणाले. मला दुसरं काही सुचेना. "मी पाहिलं. जानेवारीपर्यंत म्हणालास."

तो हसला. "आई, ती माझ्यासाठी टेस्ट नाहीये. चौदा वर्षांचा होतो तेव्हापासून म्हणतोय. शब्दांच्या लिस्ट पण चार-पाचच असतात, दर सीझनला मी सगळ्या रिव्हाइज करतो. तू सांगायचीस ना, रोज एकदा उजळणी. महिने तर मी मेल्यावरसुद्धा म्हणेन."

"आणि असं किती वेळा झालंय?"

"ह्या वर्षी?" त्यानं खिडकीबाहेर बघितलं. "थ्री. कदाचित फोर."

"आणि दर वेळी पास झालास."

"ऑफ कोर्स पास झालो. तू शिकवलंयस."

तो हे टोमणा म्हणून बोलला नाही. तसा बोलला असता तर बरं झालं असतं. साध्या सुरात, पोळी तू करतेस असं म्हणावं तसं, तो म्हणाला. ज्या माणसाच्या नावानं मी महिनाभर बोटं मोडली होती, तो निदान पत्र्याशी खेळत होता. मी स्वतःच्या पोराला चाचणीपुरतं भक्कम करून ठेवलं होतं, आणि वीतभर बाजूला काय चुरगळतंय ते कुणाला दिसायची सोय ठेवली नव्हती.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. तो ऐकत राहिला, "येस सर" म्हणत राहिला. फोन ठेवून त्यानं सांगितलं ते असं. मोठ्या लीगमधल्या संघाच्या कॅचरचा अंगठा मोडला होता. उद्या संध्याकाळच्या मॅचला त्याला वर बोलावलं होतं. सहा वर्षं ज्या दाराच्या दिशेनं तो चढत होता ते दार त्या टेबलावर उघडलं. फक्त आज डोक्याला चेंडू लागलाय, म्हणून चार वाजता संघाच्या डॉक्टरकडे जाऊन यायचं. फॉर्मॅलिटी, मॅनेजर म्हणाला होता.

मग तो म्हणाला, "आई, प्लीज. सिक्स्थ इनिंगचं काही बोलू नकोस. वन गेम. एक मॅच खेळू दे, मग मी स्वतः सांगेन."

मी उठून नवऱ्याला फोन करायला बाहेर गेले. त्याला सहाव्या इनिंगबद्दल सांगायचं ठरवूनच गेले होते. तोंडातून निघालं ते एवढंच, "त्याला वर बोलावलंय." पलीकडे माझा गमत्या नवरा लहान मुलासारखा रडू लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं. पुढचं सांगायला माझी जीभ रेटेना. दहा मिनिटांत मंडळाच्या ग्रुपवर बातमी गेली. माझा फोन अभिनंदनांनी नुसता थडथडायला लागला. डॉक्टरकाकांनी लिहिलं होतं, "शेवटी नोकरी लागली म्हणायची!"

परत आत येऊन बसले. त्याच्याकडे बघितलं. आणि त्याला म्हणाले, "डॉक्टरांसमोर घाई करू नकोस. तू महिने फार भरभर म्हणतोस. जरा आठवून सांगतोयस असं वाटू दे."

हे मी म्हणाले. दुसऱ्या कुणी नाही. माझा आवाज, माझी शिकवणी. चुकून निसटलेलं वाक्य नव्हतं ते, विचार करून दिलेली सूचना होती, आणि मला हवं होतं की तो पास व्हावा. डोक्यांचे आकडे वाचण्यात जन्म घालवलेल्या बाईला, पोराच्या डोळ्यांना उजेड सहन होत नाही हे समोर दिसत असताना, त्याला मोठ्या मैदानावर बघायचं होतं. माझ्या आयुष्यात मी बरेच धक्के मोजले, पण स्वतःचाच असा धक्का मला कधी बसला नव्हता. त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. अंडी तशीच राहिली.

पार्किंगमध्ये आल्यावर त्यानं किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "तू ड्राइव्ह कर. मला लाइन्स डबल दिसतायत."

वीस मिनिटांचा रस्ता होता. तो डोळे मिटून बसला होता, टोपी नाकावर ओढून. मी तीन-चार वेळा बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होते? मघाचं वाक्य परत घ्यायचं तर आधी ते म्हटलं होतं हे मान्य करावं लागणार होतं. एका सिग्नलला तो टोपीखालून म्हणाला, "आई, तो माणूस आठवतो? तुझ्या लॅबमधला?"

"कोण?"

"तू डिनरला ओरडायचीस त्याच्यावर. भिंतीसाठी गाडी बनवतो."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा मला ते कळलं. "हो," मी म्हणाले. गाडी पुढे नेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिशी-पस्तिशीच्या, हसतमुख. त्यांनी बातमी ऐकली होती. "काँग्रॅच्युलेशन्स," त्या म्हणाल्या, "आपण हे पटकन उरकू या." त्यानंच मला आत बसायला सांगितलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, पर्स मांडीवर. भिंतीवर मेंदूचं रंगीत चित्र होतं. अशी चित्रं माझ्या ऑफिसातही होती.

बाईंनी संगणकावर त्याचे जुने गुण काढले. भुवया वर गेल्या. "वॉव. तुझे आकडे संघात सगळ्यात वरचे आहेत." एका पायावर उभं राहायला सांगितलं, राहिला, डोळे मिटून, जराही न डगमगता. शब्दांची यादी ऐकली आणि सगळे शब्द परत सांगितले. आकडे उलटे म्हटले. बाई प्रत्येक वेळी कागदावर खूण करत होत्या, आणि प्रत्येक खुणेबरोबर माझ्या छातीवरचा दगड कमी व्हायच्या ऐवजी वाढत होता. तरी मी गप्प होते. हेही लिहून ठेवते, मी गप्प होते.

"शेवटचं," त्या म्हणाल्या. "वर्षाचे महिने उलटे म्हण, डिसेंबरपासून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांचा असताना मास्कच्या जाळीतून बघायचा तसंच. मग बाईंकडे वळून सुरू केलं.

"डिसेंबर. नोव्हेंबर. ऑक्टोबर." आणि थांबला.

बाईंनी मान वर केली. मीही. तो अडला नव्हता. मला माहीत होतं, तो अडूच शकत नव्हता.

"सॉरी," तो त्यांना इंग्रजीत म्हणाला. "हे नका विचारू. मघाचंही काही धरू नका. ते सगळं मला पाठ आहे." थोडा वेळ तो आपल्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघत राहिला. "मला आजची सहावी इनिंग विचारा. चेंडूगणिक. उत्तरं माझ्या आईकडे आहेत."

बाई माझ्याकडे बघू लागल्या. त्यांना काही कळलं नसावं. फोन पर्समध्ये अजून थडथडत होता. मी फोनच्या खालून वही बाहेर काढली, ते पान उघडलं, आणि उठून त्यांच्या टेबलावर ठेवलं.